लाल यादीत नेचे मागे का पडले?

मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवरचं (म्हणजे फर्नवरचं) स्वतंत्र पुस्तक १९२२ साली निघालं. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी द'आल्मेडा हे त्याचे लेखक. ब्लॅटर यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह धोबीतलावच्या त्या कॉलेजात आजही आहे. एखादा नेचा दुर्मीळ झाला की नाही, हे ठरवायला असे जुने नमुनेच हाताशी असतात. मधल्या काळात कुणी फिरकलंच नसेल तर मात्र पंचाईत.

कायद्यानंही नेच्यांकडे पाठच फिरवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींना जागा मिळाली ती १९९१ मध्ये, आणि तीही फक्त सहा नोंदींना. त्यातल्या तीन ऑर्किडच्या, नेच्याची एकही नाही. (फुलं येत नाहीत, मग कोण विचारतो!) झाडासारखं खोड असलेल्या वृक्षनेच्यांचं थोडं बरं झालं. ऑर्किड लावण्यासाठी त्यांच्या खोडाचे तुकडे करून विकले जात, म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' करारानं त्यांच्यावर नजर ठेवली. भारत त्या करारात १९७६ पासून आहे.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची, कुठली जात किती धोक्यात आहे ते सांगणारी लाल यादी १९६४ पासूनची, पण तिला आकड्यांचे काटेकोर निकष १९९४ मध्ये लागले. नेच्यांना ते लावणं जिकिरीचं. नेच्याला बिया नसतात; त्याचा धुळीसारखा बीजाणू रुजून आधी नखाएवढं, पातळ, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं हिरवं पान होतं. त्यावरच्या पाण्याच्या थरातून शुक्रपेशी पोहत गेल्या, तरच पुढे नेचा. ही अवस्था मोजणार कोण? अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरचा एक चिमुकला नेचा २००३ मध्ये नामशेष ठरवला होता. काही वर्षांतच तो डोंगराच्या कड्यावर पुन्हा सापडला, जेमतेम चार रोपं.

मुंबईची अडचण वेगळी. आपल्या खाजणांत कांदळवनाच्या कडेला वाढणारा पुरुषभर उंच अॅक्रोस्टिकम हा नेचा जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर आहे, म्हणून यादीत तो 'चिंता नको' या गटात. इथली एखादी खाडी भराव टाकून बुजवली, तरी त्याचा शेरा बदलणार नाही. आंब्या-वडाच्या खोडाला तपकिरी, कोरडी पानं घेऊन घट्ट चिकटून बसणारं बाशिंग, तोही नेचाच, असंच सर्वत्र आढळणारं. झाड तोडायची परवानगी १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्याखाली घेतात; तो अर्ज झाडांचा असतो, त्यांच्यावरच्या नेच्यांचा नाही.