गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी (ग्रामीण विदर्भ)

कसलाही त्रास नसलेल्या स्त्रियांचे गर्भाशयमुख तपासून, पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या पेशी वेळीच शोधणे आणि त्या नष्ट करणे म्हणजे ही तपासणी. यात ‘त्रास नसलेल्या’ ही अट महत्त्वाची आहे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाते किंवा संबंधानंतर रक्त दिसते, अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला थेट निदान आणि उपचार लागतात. तिला पुढच्या शिबिराची तारीख देणे धोक्याचे असते. विदर्भातल्या खेड्यांत मात्र ‘मला काहीच होत नाही, मग कशाला तपासायचे?’ हाच प्रश्न आशाताईंना दारोदार ऐकावा लागतो.

जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) असतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत ठरतात. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग बहुतेक स्त्रियांना आयुष्यात कधीतरी होतो आणि एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. रोग अडवायला इतका अवधी देणारे कर्करोग फार थोडे आहेत. तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया याने गेल्या. त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. भारतात त्याच वर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले.

श्रीमंत देशांनी हा रोग पॅप चाचणीने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याने, आटोक्यात आणला. तिला पेशी ओळखणारे तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि अहवालासाठी पुन्हा येऊ शकणारी बाई, असे तिन्ही लागते. खेड्यात यांतले एकही गृहीत धरता येत नाही, म्हणून व्हीआयए, म्हणजे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, पुढे आली. योनिमार्ग उघडा धरणारे स्पेक्युलम लावून गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. दोषयुक्त भाग पांढरा पडतो. प्रशिक्षित परिचारिकेला हे जमते आणि निकाल जागेवरच कळतो.

या पद्धतींची कसोटी मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रातच लागली. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांमधील १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. नमुन्यात विषाणू आहे का हे पाहणाऱ्या, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या एका फेरीत पॅप किंवा व्हीआयएने मात्र तशी ठोस घट दिसली नाही. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने आरोग्यसेविकांमार्फत दर दोन वर्षांनी व्हीआयएच्या चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. साधी तपासणी पुन्हापुन्हा केली तर फळ देते, असा याचा अर्थ. या अभ्यासांतल्या तुलनेच्या गटांना तपासणीविना ठेवल्याबद्दल नंतर टीका झाली, आणि ती रास्त होती.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हीआयए व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी जेमतेम दोघींनीच गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतलेली आढळली. याची कारणे विदर्भात जुनीच आहेत. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. पूर्वी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावर दुखणे काढण्याच्या या सवयीमागे लाज आहे, तसाच मजुरीचा हिशेबही आहे. पश्चिमेकडे कापूस वेचणी, पूर्वेकडे धानाची रोवणी, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता; या दिवसांत लावलेले शिबिर रिकामेच जाते. तपासणारी व्यक्ती बाई असावी, आडोसा पक्का असावा आणि सासूलाही बरोबर तपासून घ्यावे, एवढ्यानेही उपस्थिती बदलू शकते.

साखळी सर्वाधिक तुटते ती तपासणीनंतर. उपकेंद्रावर ‘पॉझिटिव्ह’ ठरलेल्या बाईला ग्रामीण रुग्णालय, तिथून कोल्पोस्कोपीसाठी (भिंगातून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी) जिल्ह्याचे ठिकाण आणि गरज पडल्यास नागपूर किंवा सेवाग्राम गाठायचे असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर आहे. गाडीभाडे, बुडणारा रोज, सोबत येणारा माणूस हे सगळे तिने जुळवायचे. दोष मर्यादित असेल तर थर्मल ॲब्लेशनने, म्हणजे तापवलेल्या टोकाच्या स्पर्शाने, तो भाग मिनिटभरात नष्ट करता येतो. भूल देऊन झोपवावे लागत नाही आणि यंत्र हातात मावते. ते शिबिरातच असेल तर दुसरी फेरी वाचते. उपचाराची सोय न करता केवळ तपासण्यांचे आकडे वाढवणारी मोहीम बाईच्या पदरात भीतीच टाकते. अशा मोहिमेला यशस्वी म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली आहे. तिच्यासाठी नमुना बाई स्वतः घेऊ शकते, त्यामुळे लाजेची मोठी अडचण दूर होते. व्हीआयएची एक उणीवही ती भरून काढते: पाळी गेल्यानंतर दोष निर्माण होणारा भाग आत सरकतो आणि आम्ल लावूनही दिसत नाही. अडचण किमतीची आणि प्रयोगशाळेची आहे. एचआयव्हीबाधित स्त्रियांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी करावी, अशी शिफारस आहे. त्यांच्यात रोग वेगाने वाढतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीविरुद्धची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. तिचा मुख्य लाभ ९ ते १४ वयाच्या मुलींना होईल. आज तिशी ओलांडलेल्या त्यांच्या आयांना मात्र तपासणीचाच आधार आहे.