आयकॉनची फाइल आणि कर्सरची फाइल

माऊसच्या बाणाऐवजी स्वतःचे चित्र लावायचे ठरले की नागपूरकराला बहुधा संत्रेच सुचते. चित्र पीएनजी या चित्रप्रकारात तयार असते आणि रूपांतर करून देणारे एखादे संकेतस्थळही सापडते, पण तिथे ‘आयसीओ’ आणि ‘सीयूआर’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही विंडोजचेच आणि दोन्हींत छोटी चित्रे ठेवतात, म्हणून कोणताही निवडला तरी चालेल असे वाटते. प्रत्यक्षात आयसीओ हे फोल्डर, प्रोग्रॅम किंवा संकेतस्थळाच्या चिन्हासाठी असते, तर सीयूआर हे माऊसच्या कर्सरसाठी.

गोंधळ होण्याला कारणही तसेच आहे, कारण दोन्ही फाइलींची रचना जवळजवळ सारखी असते. सुरुवातीला ६ बाइटांचे शीर्ष येते. त्यात प्रकाराच्या जागी आयकॉनसाठी १ आणि कर्सरसाठी २ हा अंक असतो. पुढे आतल्या प्रत्येक चित्रामागे १६ बाइटांची एक नोंद असते आणि खरा फरक या नोंदीतल्या ४ बाइटांत आहे. आयकॉनमध्ये तिथे रंगांच्या स्तरांची संख्या आणि प्रत्येक पिक्सेलसाठीचे बिट लिहिलेले असतात. कर्सरमध्ये त्याच जागी हॉटस्पॉटचे आडवे आणि उभे स्थान असते. हॉटस्पॉट म्हणजे चित्रातला तो एकच पिक्सेल, जिथे क्लिक झाले असे संगणक मानतो.

आयकॉनला हॉटस्पॉटची गरजच नसते, कारण त्यावर आपण क्लिक करतो, त्याने करत नाही. कर्सरचे मात्र सगळे त्यावर अवलंबून असते. समजा ३२ बाय ३२ पिक्सेलच्या संत्र्याला वर एक पान आहे आणि पानाचे टोक डावीकडून २० व वरून २ या स्थानी आहे. हॉटस्पॉट तिथे ठेवला तर पानाच्या टोकाने नेमके बटण दाबता येते. रूपांतर करणाऱ्या साधनाने काही न विचारता तो ०, ० असा ठेवला, तर क्लिक चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात होते; गोल फळाच्या चित्रात तो कोपरा रिकामा आणि पारदर्शक असतो, त्यामुळे संत्रे बटणावर दिसत असूनही बटण दाबले जात नाही. माऊस बिघडला असे समजून लोक तो बदलायलाही निघतात!

फाइलचे नाव बदलून आयसीओचे सीयूआर करणे हा लोकप्रिय उपाय फसवा आहे. नाव बदलले तरी आत प्रकार १ हाच राहतो, आणि ३२ बिटांच्या आयकॉनमधले १ (रंगांचा स्तर) व ३२ (प्रत्येक पिक्सेलचे बिट) हे आकडे कोणी हॉटस्पॉट म्हणून वाचलेच, तर ३२ बाय ३२ च्या चित्रात तो बिंदू चित्राबाहेर पडतो, कारण मोजणी ० ते ३१ अशी असते.

एका सीयूआर फाइलमध्ये अनेक आकार ठेवता येतात, पण प्रत्येकाचा हॉटस्पॉट स्वतंत्र लिहावा लागतो: ६४ पिक्सेलच्या संत्र्यात तेच टोक ४०, ४ वर येईल. मूळ चित्र जेपीजी असेल तर त्यात पारदर्शकता नसल्यामुळे संत्र्यामागे पांढरा चौकोन फिरत राहतो. म्हणून सुरुवात पीएनजीपासून करावी. हलता कर्सर हवा असेल तर एएनआय हा तिसरा प्रकार आहे. त्यात चित्रांची मालिका असते आणि वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजतात.

केवळ वेबपानावर कर्सर बदलायचा असेल, तर या रूपांतराची गरजही पडत नाही. वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत पीएनजीच्या पत्त्यानंतर हॉटस्पॉटचे दोन आकडे थेट लिहिता येतात. फक्त शेवटी ‘ऑटो’सारखा पर्यायी शब्द द्यावाच लागतो, नाहीतर ब्राउझर ती संपूर्ण ओळ बाद करतो.