पार्श्वभूमी : चावडीपर्यंत आलेली तार

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीला एक लोखंडी पेटी टांगलेली दिसते. आत बॅटऱ्या आणि वहीएवढा एक डबा, गच्चीवर सौरपॅनेल. डब्यावर हिरवा दिवा असेल तर काम चालू. तांबडा लागला, की संगणक परिचालक मुकाट्याने खिशातला मोबाइल काढतो, हॉटस्पॉट लावतो आणि घराच्या नोंदीचा नमुना आठचा उतारा त्यावर काढून देतो. ‘केबल तुटली असेल’ एवढेच उत्तर. कुठे तुटली आणि कधी जोडणार, हे विचारायचे कोणाला, तेच माहीत नसते. ही पेटी म्हणजे भारतनेट, ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची तार नेणारी केंद्र सरकारची योजना. पंधरा वर्षांत योजनेने नाव बदलले, कंपनी बदलली, खर्चाचा आकडा कितीतरी पटीने वाढला; पण तार टाकल्यावर ती सांभाळणार कोण, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला गेला.

गावात फोन नेण्याची धडपड त्याहून जुनी. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने धूळ आणि उकाडा सोसणारे, वातानुकूलन न लागणारे १२८ लाइनचे छोटे एक्स्चेंज बनवले. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा बसले. पुढे गावोगाव पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. त्या बूथवाल्याचे पोट फोनवर चालत असे, म्हणून लाइन बंद पडली की तो एक्स्चेंजमध्ये जाऊन ठिय्या द्यायचा.

पैशांची सोय २००२ मध्ये झाली. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम घेऊन सार्वत्रिक सेवा दायित्व निधी उभा राहिला. सुरुवातीला तो गावातल्या सार्वजनिक फोनसारख्या कामांपुरता होता. २००६ च्या कायदादुरुस्तीने मोबाइल आणि ब्रॉडबँडलाही दार उघडले. तेव्हा ब्रॉडबँड म्हणजे किती? २००४ च्या धोरणानुसार २५६ केबीपीएस. आज त्या वेगात धड एक फोटोही जाणार नाही.

इंटरनेट गावात आले तर लोक त्याचे करतील काय, याचे एक उत्तर महाराष्ट्रात आधीच मिळाले होते. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर-सांगलीतली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. बियाण्यांपासून बाजारभावांपर्यंत सगळी माहिती शेतकरी केंद्रावर येऊन पाहील, अशी कल्पना होती. शेतकरी आलाही, पण मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी. काही वर्षांनी तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर भागते असे दिसले. गरज होती तेवढे टिकले, बाकीचे कागदावर राहिले.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, खर्च सुमारे २० हजार कोटी आणि मुदत दोन वर्षे! फेब्रुवारी २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही स्वतंत्र कंपनी निघाली. चर खोदण्याचे काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांकडे गेले. राजस्थानातले अराई, त्रिपुरातले पानिसागर आणि विशाखापट्टणमजवळचे परवाडा इथल्या ५९ पंचायतींत प्रयोग झाला. दोन वर्षे सरली तेव्हा गाडी त्याच्या फारशी पुढे गेली नव्हती.

मुळातला आराखडा काटकसरीचा होता. तालुक्यापासून निम्म्या वाटेपर्यंत बीएसएनएलची जुनी केबल वापरायची आणि तिथून पंचायतीपर्यंतचे काही किलोमीटर तेवढे नवे टाकायचे. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. पण नवी केबल जुन्या केबलच्या जिवावर, आणि जुनी कधीच थकलेली. त्यात जोडणी झाडाच्या फांदीसारखी : बुंध्यापाशी घाव बसला की पुढची सगळी गावे अंधारात. घाव घालायला जेसीबी तयारच असतो. रस्ता रुंद करताना, नळयोजनेची पाइपलाइन टाकताना साईडपट्टी उकरली जाते आणि केबल वर येते.

२०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने फेरविचार केला, नाव भारतनेट झाले. डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या टप्प्यातील एक लाख पंचायती झाल्या. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी काम आपल्याकडे घेतले. आपल्याकडचे ते महानेट. दरम्यान २०१६ पासून स्वस्त मोबाइल डेटाने गावातली तरुण पोरे पंचायतीच्या तारेची वाट न पाहता ऑनलाइन गेली होती. तार आली, पण ती कार्यालयाच्या भिंतीपर्यंत. तिथून घराघरांत नेणारा माणूस योजनेत नव्हताच.

दाव्यांचेही एक जाळे विणले गेले. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले. २०१९ च्या निवडणुकीत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत राज ठाकरे यांनी त्याच गावाची भर सभेत झडती घेतली. ब्रॉडबँडवर महाराष्ट्रात इतकी गर्दी आधी कधी जमली नसेल.

१५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून एक हजार दिवसांत सहा लाख गावे ऑप्टिकल फायबरने जोडण्याची घोषणा झाली. २०२१ मध्ये १६ राज्यांत खासगी भागीदारीसाठी १९,०४१ कोटींची तयारी दाखवली, पण कंपन्या फिरकल्याच नाहीत. तोट्याची राखण अंगावर कोण घेणार? २०२२ मध्ये स्वतंत्र कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झाले : १,३९,५७९ कोटी रुपये. त्यात दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च पहिल्यापासून धरला आहे. घराघरांत जोडण्या देणारे स्थानिक उद्योजकही नेमायचे आहेत. म्हणजे जुना बूथवालाच नव्या नावाने परत. आणि फांदीऐवजी आता तारेचे गोल कडे करायचे आहे : तालुका ते पंचायती ते पुन्हा तालुका. एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. सपाट मुलखात हे जमेल. मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या गावाला जाणारा रस्ताच एक असतो, दोन्ही बाजूंना वनखात्याची हद्द. तिथे या गोल कड्याच्या दोन्ही तारा एकाच साईडपट्टीतून न्यायच्या झाल्या, तर एक जेसीबी दोन्हींना पुरेसा आहे.