पत्ता घरचा, प्रवास भलतीकडचा: व्हीपीएन आणि निवासी प्रॉक्सी ओळखण्यामागचा इतिहास

६ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्सने भारतासह आणखी १३० देशांत एकदम सेवा सुरू केली. आठवडाभरातच, १४ जानेवारीला, प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने साइटशी बोलणारा मधला सर्व्हर, वापरून परदेशातला कॅटलॉग पाहणाऱ्यांना यापुढे अडवणार असं तिने जाहीर केलं. 'तुम्ही प्रॉक्सी वापरत आहात असं दिसतं' हा संदेश बऱ्याच सामान्य प्रेक्षकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. त्यामागचं तंत्र मात्र तेव्हाही जुनं होतं, आणि त्याचा मोठा भाग मुळात व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी रहदारी दुसऱ्या ठिकाणाहून बाहेर काढणारा बोगदा, पकडण्यासाठी बनलेलाच नव्हता.

सुरुवातीचं काम सोपं होतं. नव्वदच्या दशकात स्क्विडसारखे प्रॉक्सी सर्व्हर स्वतःच 'व्हाया' आणि 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमधून, म्हणजे मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींमधून, आपली ओळख आणि मागच्या ग्राहकाचा पत्ता सांगून टाकत. सांगत नसतील तर साइट, किंवा त्या काळी आयआरसीची चॅट-नेटवर्कं, येणाऱ्या पत्त्यावर ३१२८, ८०८०, १०८० हे प्रॉक्सींचे नेहमीचे पोर्ट ठोठावून पाहत. दार उघडं दिसलं की तो पत्ता काळ्या यादीत. पुढे व्हीपीएन कंपन्या आल्या. त्यांचे सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असत. पत्ता कोणत्या नेटवर्कचा, म्हणजे कोणत्या एएसएनचा (नेटवर्कच्या नोंदणी क्रमांकाचा), एवढं पाहिलं की काम भागत असे. घरातला माणूस होस्टिंग कंपनीच्या पत्त्यावरून सिनेमा बघायला येत नाही. आजही बहुतेक अडवणूक याच साध्या यादीवर चालते.

दुसरा धागा सुरक्षा चाचण्यांमधून आला. १९९८ मध्ये एनमॅप या साधनात समोरच्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम ओळखण्याची सोय आली. त्यासाठी एनमॅप मुद्दाम वेडीवाकडी पॅकेट पाठवून उत्तरं तपासत असे. मिहाऊ झालेव्हस्की यांच्या पी०एफ या साधनाने २००० च्या सुमारास याच्या उलट वाट धरली: काहीही पाठवायचं नाही, येणारं पहिलं पॅकेट फक्त नीट वाचायचं.

ते पहिलं पॅकेट म्हणजे टीसीपी या, माहिती क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीच्या जोडणीचं 'सिन', जोडणी मागणारं पॅकेट. त्यात ब्राउझरचा काही संबंध नसतो. ते यंत्राचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, भरतं आणि प्रत्येक कर्नलची भरण्याची सवय वेगळी. टीटीएल, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरवर एकने घटणारा आकडा, विंडोजवर १२८ पासून सुरू होतो. लिनक्स, अँड्रॉइड, मॅक आणि आयफोनवर ६४ पासून. सर्व्हरवर ११३ आकडा आला तर सुरुवात १२८ ची आणि वाटेत १५ राउटर, हे उघड आहे. पॅकेटातल्या टीसीपी पर्यायांचा क्रमही ठरलेला. विंडोज कमाल सेगमेंट आकार म्हणजे एमएसएस, मग विंडो स्केल (विंडोचा गुणक), मग सॅक (निवडक पोच) अशा क्रमाने लिहितं आणि टाइमस्टॅम्प सहसा पाठवतच नाही. लिनक्स एमएसएसनंतर सॅक, मग टाइमस्टॅम्प, मग विंडो स्केल लिहितं. असे ठसे लिहिण्याच्या आजच्या जेए४टी या पद्धतीत विंडोज १० चा ठसा असा दिसतो: ६४२४०_२-१-३-१-१-४_१४६०_८. पहिला आकडा विंडोचा (पोच न देता एकावेळी किती बाइट घेता येतील त्याचा), मधली साखळी पर्यायांच्या क्रमांकांची, मग एमएसएस, शेवटी स्केल. लिनक्सचा ठसा ६४२४०_२-४-८-१-३_१४६०_७ असा. विंडो तीच, पण साखळी वेगळी, आणि युजर-एजंट, म्हणजे ब्राउझरने सांगितलेली स्वतःची ओळख, बदलणाऱ्या माणसाच्या हे सहसा गावीही नसतं.

यातला एमएसएस हा आकडा व्हीपीएनच्या मुळावर आला. साध्या इथरनेटवर पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. त्यातून आयपी हेडरचे २० आणि टीसीपीचे २० वजा केले की १४६०. ब्रॉडबँडवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) असेल तर आणखी ८ जातात आणि उरतात १४५२. वायरगार्ड ही व्हीपीएन पद्धत आपल्या वेष्टणासाठी जागा राखून १४२० चं एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) धरते, म्हणून एमएसएस १३८०. २०१२ मध्ये नव्याने लिहिलेल्या पी०एफच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा आकड्यांची तयार यादीच होती, आणि त्यात 'बोगदा किंवा व्हीपीएन' या अर्थाचं एक लेबलही होतं. २०१५ मध्ये वाल्डिकएसएस या टोपणनावाने लिहिणाऱ्या रशियन संशोधकाने ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएन पद्धतीचे आकडे पी०एफमध्ये घातले. ओपनव्हीपीएन वाटेत एमएसएस कापतं, आणि किती कापायचं ते सायफर (कूटलेखनाची पद्धत), सही आणि कॉम्प्रेशन यांवर ठरतं. म्हणजे एका आकड्यावरून व्हीपीएन आहे हे तर कळलंच, त्याची मांडणीही बरीचशी कळली.

इथे एक बारकावा कामाला येतो. नवं लिनक्स सुरुवातीची विंडो एमएसएसच्या पटीत ठेवतं: १४६० गुणिले ४४ म्हणजे ६४२४०, आणि १३८० गुणिले ४७ म्हणजे ६४८६०. वायरगार्डची जोडणी यंत्रावरच असेल तर विंडो ६४८६० आणि एमएसएस १३८० असे दोन्ही आकडे एकमेकांना धरून येतात. विंडो ६४२४० पण एमएसएस कमी, असं दिसलं तर कात्री वाटेत कुणीतरी लावली आहे. तो घरचा पीपीपीओई राउटर असेल, मोबाइल कंपनी असेल किंवा ओपनव्हीपीएन. तेवढ्यावर निवाडा करू नये. मोबाइल नेटवर्क ग्राहकाचं पॅकेट जीटीपीच्या बोगद्यातून नेतं आणि त्यातच ३६ बाइट खर्ची पडतात. शिवाय आयपीव्ही६ च्या जाळ्यावर जुनी आयपीव्ही४ जोडणी ४६४एक्सलॅटने चालवली तर आणखी २०. साध्या सिमवरूनही १४०० च्या आतबाहेरचे आकडे येतात. '१३८० म्हणजे व्हीपीएन' असा नियम लिहिणारा माणूस पहिल्याच दिवशी मोबाइल ग्राहकांच्या तक्रारी ओढवून घेतो.

टीसीपीच्या वर टीएलएस, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणारा थर. इव्हान रिस्टिक यांनी २००९ मध्येच दाखवलं होतं की सुरक्षित जोडणीच्या पहिल्या निरोपात ब्राउझर आपल्याला चालणाऱ्या सायफरची जी यादी उघडपणे पाठवतो, त्यावरून ब्राउझर ओळखता येतो. ही कल्पना सर्वत्र पोचली ती २०१७ मध्ये, सेल्सफोर्समधल्या तिघांनी जेए३ काढल्यावर. तिघांचीही आद्याक्षरं जे. ए. होती, नाव तिथूनच आलं. त्या निरोपातले पाच रकाने एकामागे एक जोडायचे आणि त्यांचा एमडी५, म्हणजे छोटा सांकेतिक सारांश, काढायचा, इतकं ते साधं. त्याच वर्षी अकामाईच्या संशोधकांनी वेबपानं मागण्याच्या एचटीटीपी/२ या पद्धतीची तशीच मांडणी केली: सेटिंग्जचे आकडे, विंडो वाढवण्याचं प्रमाण, आणि आरंभीच्या चार छद्म-हेडरचा क्रम. क्रोम मेथड, ऑथॉरिटी, स्कीम, पाथ असा क्रम ठेवतो; फायरफॉक्स मेथडनंतर लगेच पाथ देतो. पण २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने टीएलएसमधल्या एक्स्टेन्शनचा क्रम दर जोडणीला पिसायला सुरुवात केली आणि क्रोमसाठी जेए३ निरुपयोगी झालं. त्याच वर्षी आलेल्या जेए४ ने यादी आधी क्रमाने लावून घेतली आणि मग ठसा काढला.

टीसीपी आणि टीएलएस हे दोन थर वेगवेगळे ठेवण्याचं कारण म्हणजे व्हीपीएन आणि प्रॉक्सी आतून सारखे नसतात. व्हीपीएन पॅकेट जसंच्या तसं उचलून पुढे टाकतं. त्यामुळे सिन ग्राहकाच्याच यंत्राचं राहतं, फक्त एमएसएस आणि टीटीएल बदलतात. प्रॉक्सी टीसीपी जोडणी आपल्यापाशी संपवते आणि पुढे स्वतःची नवी उघडते. म्हणजे साइटला सिन दिसतं प्रॉक्सीच्या यंत्राचं, आणि टीएलएसचा निरोप, जो तिला उघडता येत नाही, तो ग्राहकाच्या ब्राउझरचा. सिन लिनक्सचं आणि ब्राउझर विंडोजवरचा क्रोम, अशी जोडी आली की दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत. इथून पुढची सगळी ओळख अशा न जुळणाऱ्या जबान्यांवरच उभी आहे. एकेका ठशाला स्वतंत्रपणे फारशी किंमत नाही.

मग पत्त्याची साक्षच फितूर झाली. मे २०१५ मध्ये होला या फुकट व्हीपीएनबद्दल बोभाटा झाला: तिच्या वापरकर्त्यांची घरची जोडणी ल्युमिनाटी या नावाने पैसे घेऊन दुसऱ्यांना वापरायला दिली जात होती. ल्युमिनाटीचंच नाव २०२१ मध्ये ब्राइट डेटा झालं. निवासी प्रॉक्सीच्या या धंद्याची रचना अशी. ग्राहक कंपनीच्या प्रवेशद्वाराशी जोडणी करतो. दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घरातला फोन, संगणक किंवा टीव्ही बॉक्स असतो. तो राउटरमागे असल्यामुळे बाहेरून गाठता येत नाही, म्हणून त्यातलं सॉफ्टवेअर आधीच प्रवेशद्वाराला आतून जोडून बसलेलं असतं. ग्राहकाची मागणी त्या जोडणीवरून घरात येते आणि तिथून साइटकडे जाते. साइटला दिसतो खराखुरा घरगुती पत्ता. २०१९ मध्ये आयईईईच्या सुरक्षा परिषदेत मांडलेल्या अभ्यासात पाच सेवांमध्ये शिरून ६० लाखांहून अधिक असे पत्ते गोळा केले होते. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ९११ एस५ हे जाळं मोडल्याचं सांगितलं तेव्हा आकडा १.९ कोटी पत्त्यांचा होता. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट व्हीपीएनमधून ते विंडोज संगणकांत शिरलेलं होतं. बाहेर पडणारं यंत्रच विंडोज असलं की सिनही विंडोजचं येतं, आणि वरची न जुळणारी जोडी जुळून जाते.

मग उरतं घड्याळ. प्रॉक्सीमधून आलेल्या जोडणीत सर्व्हर सिन-अ‍ॅक, म्हणजे सिनचं उत्तर, पाठवतो तेव्हा उत्तर देतं घरातलं यंत्र. समजा २० मिलिसेकंदांत. थोड्या वेळाने सर्व्हर टीएलएसचं उत्तर पाठवतो. ते सोडवून 'फिनिश्ड' परत पाठवणं फक्त खऱ्या ग्राहकालाच जमतं, म्हणून तो निरोप घरापर्यंत, तिथून प्रवेशद्वारापर्यंत, तिथून ग्राहकापर्यंत जाऊन येतो. समजा २३० मिलिसेकंद. सरळ जोडणीत हे दोन आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. फ्रान्समधल्या युरेकॉमच्या संशोधकांनी विमान तिकिटांच्या क्षेत्रातल्या अमाडेउस कंपनीबरोबर २०२२ मध्ये नेमकं हेच मोजलं. भाडी खरवडून नेणारे बॉट हा त्या क्षेत्राचा जुना आजार आहे.

व्हीपीएनला ही युक्ती लागू पडत नाही. तिथे सिन-अ‍ॅकलाही उत्तर लांबचा ग्राहकच देतो, त्यामुळे दोन्ही आकडे सारखेच मोठे येतात. तिथे व्हीपीएनच्या पत्त्यापर्यंतचं अंतर वेगळं मोजावं लागतं. मिशिगन विद्यापीठाशी जोडलेल्या गटाने २०२४ मध्ये मांडलेल्या कॅल्क्युलेटन्सी या पद्धतीने त्यासाठी झालेव्हस्की यांचीच जुनी '०ट्रेस' युक्ती वापरली: चालू जोडणीच्या आतूनच कमी टीटीएलची पॅकेट पाठवून वाटेतल्या शेवटच्या टप्प्यापर्यंतचा वेळ काढायचा. टप्पा ५ मिलिसेकंदांवर आणि ब्राउझरशी उघड्या राहणाऱ्या वेबसॉकेट जोडणीवरचं उत्तर १८० वर, तर मधे लांब बोगदा आहे.

ठसे नकलता येतात. २०२२ मध्ये आलेल्या कर्ल-इम्पर्सोनेट या साधनाने क्रोमचा टीएलएस ठसा हुबेहूब उतरवला. वेळ वाढवता येतो, कमी करता येत नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन किमान १ मिलिसेकंद. न्यू जर्सीहून मुंबईचा पत्ता घेऊन मालिका पाहणाऱ्याच्या जोडणीत मुंबईपासूनचे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे किमान १२५ मिलिसेकंद, लपत नाहीत. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढले आणि 'भारतीय' पत्ते सिंगापूर व ब्रिटनमधल्या यंत्रांवर ठेवले. पत्त्याचं ठिकाण सांगणाऱ्या याद्या बऱ्याचदा पत्त्याच्या मालकाच्याच शब्दावर चालतात. २०२० पासून त्यासाठी आरएफसी ८८०५ हा ठरीव नमुनाही आहे. पण मुंबईतल्या सर्व्हरवरून त्या 'मुंबईच्या' पत्त्याला विचारलं तर ३९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं शक्यच नाही. तेवढा वेळ सिंगापूरला जाऊन यायला लागतोच.

घड्याळही चुकतं. भूस्थिर उपग्रहाच्या इंटरनेटवर कंपनी टीसीपीचा वेग वाढवण्यासाठी जमिनीवरच जोडणी तोडते. बाहेरून ती हुबेहूब प्रॉक्सी दिसते, आणि एका अर्थाने असतेच. कार्यालयातली टीएलएस उघडून पाहणारी पेटी ब्राउझरचा ठसा पुसून स्वतःचा देते. स्वस्त फोनचा प्रोसेसर टीएलएसच्या आकडेमोडीत बराच वेळ खातो, म्हणून दोन आकड्यांतला फरक १० मिलिसेकंदांवर धरला तर बरेच निर्दोष लोक अडकतात. झोपलेला मोबाइल रेडिओ जागा होताना मात्र उलटं घडू शकतं: पहिला आकडा फुगून फरक झाकला जाऊ शकतो. म्हणून एका मोजमापावर न थांबता त्याच पत्त्यावरून आलेल्या अनेक जोडण्यांतला सर्वांत कमी वेळ धरायचा.

पत्त्यांच्या यादीचं दुखणं यापेक्षा जुनं आहे आणि अजून गेलेलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने निवासी पत्तेही अडवायला घेतले तेव्हा कधीही व्हीपीएन न वापरलेल्या काही ग्राहकांना फक्त नेटफ्लिक्सची स्वतःची निर्मिती दिसू लागली. भारतात मोबाइलवर एका आयपीव्ही४ पत्त्यामागे सीजीनॅटने असंख्य ग्राहक बसवलेले असतात. त्यातल्या एकाच्या फोनमधल्या फुकट अ‍ॅपने जोडणी भाड्याने दिली की यादीत नाव सगळ्यांचं लागतं. घरच्या ब्रॉडबँडवर पत्ता बदलता असतो. कॅप्चांना कंटाळून माणूस राउटर बंद करून चालू करतो, त्याला नवा पत्ता मिळतो, आणि यादीतला जुना पत्ता त्याच कंपनीच्या दुसऱ्या ग्राहकाच्या घरी कॅप्चांसकट जाऊन पोचतो.