गाण्याच्या आधी ऐकू येणारं गाणं

लग्नसराई आटोपली की मृग लागेपर्यंत आमच्या दिग्रस-दारव्ह्याकडे संध्याकाळच्या गप्पा लांबतात. यंदा एका ओट्यावर जुन्या कॅसेटी निघाल्या. एकाची पहिली कॅसेट भीमगीतांची, चौदा एप्रिलला घेतलेली. दुसऱ्याने सुरेश भटांच्या गझला इतक्या ऐकल्या होत्या की पट्टी जागोजाग चुरगळलेली. तिसऱ्याने तालुक्याच्या दुकानात गाण्यांची चिठ्ठी देऊन कॅसेट भरून घेतलेली, ए साइडला रफी, बी साइडला किशोर, आणि कव्हरवर बॉलपेनने यादी. कोणतं गाणं कोणाच्या टेपवर, कुठल्या वावरात ऐकलं, हे सगळ्यांना पाठ.

मग एकाने खंजिरी भजनाची कॅसेट काढली. घरीच टेप लावून भरलेली, गाणारे त्याचे वडील, आता हयात नाहीत. म्हणाला, "सर, तुमी सायन्सवाले ना, आयका बरं. बाबानं भजन धराच्या आंधीच बाबाचा आवाज येते. बारीकसा."

लावली. आधी नुसती खरखर. मग अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावी तशी पहिली ओळ. आणि साधारण तीन सेकंदांनी तीच ओळ, त्याच चालीत, खणखणीत.

एकाने हात जोडले. दुसरा म्हणाला, "काही नाही बाप्पा, आधीचं भरलेलं पुसलं गेलं नसन." हा गैरसमज सर्रास आढळतो, पण तो टिकत नाही. जुनं काही उरलं असतं तर ते दुसरंच काहीतरी असतं. इथे तीच ओळ, त्याच आवाजात, दर वेळी तेवढ्याच अंतराने येते. म्हणजे ती या भजनाचीच सावली आहे, आणि ती आधी पडते, हीच तर गंमत.

मेलेल्यांचे आवाज टेपमध्ये सापडतात, असं म्हणणारे आपल्याकडेच आहेत असं नाही. १९६० च्या दशकात युरोपात कॉन्स्टंटिन राउडिव्ह यांनी हजारो ध्वनिमुद्रणांत असे आवाज सापडल्याचा दावा केला आणि त्यावर पुस्तकही काढलं. खरखरीत माणसाला शब्द ऐकू येतात, कारण कान आणि मेंदू शब्द शोधायला सदैव टपलेले असतात. पण आमच्या ओट्यावरचा आवाज भास नव्हता. तो पट्टीवर खरोखर होता.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणली. आतली पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद, धावते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर आयर्न ऑक्साइडच्या सुईसारख्या बारीक दाण्यांचा थर. भरताना टेपचं हेड आवाजाच्या चढउतारानुसार हे दाणे चुंबकित करतं, वाजवताना तेच चुंबकत्व हेडमध्ये वीज निर्माण करतं. हजार हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार लाटांचा सूर घेतला तर त्याची एक लाट पट्टीवर जेमतेम ४८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा घेते, केसाच्या जाडीहूनही कमी.

आता चक्रीकडे पाहा. पट्टी वेढ्यावर वेढा बसून राहते, कधी वर्षानुवर्षं. ९० मिनिटांच्या कॅसेटची पट्टी फक्त १२ मायक्रॉन जाड. म्हणजे भजनाची पहिली ओळ ज्या वेढ्यावर आहे, त्याच्या लगतच्या वेढ्यावर भजनाआधीची शांतता आहे आणि दोघांत अंतर १२ मायक्रॉनचं. ओळीचं चुंबकीय क्षेत्र शांततेच्या वेढ्यात घुसतं आणि तिथले काही दाणे आपल्या बाजूला वळवतं. छाप दोन्हीकडच्या वेढ्यांवर पडतो. नंतरचा मूळ गाण्याखाली दबून जातो, आधीचा शांततेत उघडा पडतो.

अंतराचा हिशोबही जुळतो. भरलेल्या चक्रीचा व्यास सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे एक वेढा १५.७ सेंटिमीटरचा. त्याला ४.७६ ने भागा, ३.३ सेकंद. चक्रीच्या मध्याशी व्यास २.२ सेंटिमीटरच्या आसपास, तिथे वेढा लहान, अंतर दीड सेकंदाच्या आत. भजन ए साइडच्या सुरुवातीला होतं आणि सावली तीन सेकंद आधी, म्हणजे कॅसेट रिवाइंड करून ठेवली जात होती. ऐकून तशीच ठेवली असती तर तीच सुरुवात मध्याशी आली असती. त्याला विचारलं. म्हणाला, "बाबाची शिस्तच होती, आयकलं का गुंडाळून ठेवाची."

पण इतकं क्षीण क्षेत्र दाण्यांना वळवतं कसं? टेप मुद्दाम अशा द्रव्याची करतात की ते सहजी वळू नये. इथे मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. थोडी आकडेमोड आहे, सोसा.

सुईसारख्या दाण्याचं चुंबकत्व लांबीच्या दिशेने राहतं, या टोकाकडे किंवा त्या टोकाकडे. चाकोरीत बसलेलं बंडीचं चाक जसं धक्का बसल्याशिवाय शेजारच्या चाकोरीत जात नाही, तसंच हे. मधला उंचवटा म्हणजे ऊर्जेचा अडसर. तो दाण्याच्या आकारमानाबरोबर वाढतो. आणि धक्के देते उष्णता. कुठल्याही पदार्थातले अणू सतत थरथरतात, कधीतरी एक थरथर पुरेशी मोठी येते आणि दाणा पालटतो. शेजारच्या वेढ्याचं क्षेत्र स्वतः दाण्याला पालटत नाही, ते फक्त एका बाजूचा अडसर किंचित कमी करतं. काम उष्णता करते, दिशा शेजारी ठरवतो.

दाणा किती काळ टिकून राहतो याचं सूत्र लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलं, तेही भाजलेल्या मातीतल्या लोहकणांचा विचार करताना. पुढे १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सूत्र असं: अडसराच्या ऊर्जेला उष्णतेच्या ऊर्जेने भागा, येणारा आकडा २.७१८ या संख्येला घातांक म्हणून द्या, आणि जे येईल त्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाने गुणा.

भागाकार २५ आला तर दाणा साधारण सव्वा मिनिटात पालटतो. ४० आला तर साडेसात वर्षं. ६० आला तर साडेतीन अब्ज वर्षांहून जास्त, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या जवळपास. २५ आणि ४० मधला फरक म्हणजे दाणा आकारमानाने १.६ पट, प्रत्येक दिशेने फक्त १७ टक्के मोठा. घातांकाचा हा खेळ आहे. कारखान्यात सगळे दाणे एकसारखे होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पट्टीत काही चिमुकले दाणे असतातच. भजन धरून ठेवतात मोठे दाणे, सावली उमटते चिमुकल्यांवर. ते थोडेच, म्हणून सावली मूळ आवाजापेक्षा शेकडो पट क्षीण.

आता यात आपला मे महिना घाला. तापमान केल्विनमध्ये मोजायचं, म्हणजे २७ अंश सेल्सिअस ते ३०० आणि ४५ अंश ते ३१८. वाढ सहाच टक्के. पण ४० चा भागाकार ३७.७ वर येतो आणि साडेसात वर्षं टिकणारा दाणा नऊ महिन्यांत पालटतो. टिनाखालच्या फळीवर तापमान ६० ला गेलं, तर पन्नासेक दिवसांत. दाण्यांचे बाकीचे गुण बदलत नाहीत असं धरून हे आकडे आहेत, तरी चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडलेल्या कॅसेटीचं काय होत असेल ते कळावं.

सावलीत खंजिरी का नाही, नुसता गळाच का? क्षेत्र दूर जाताना विरतं, आणि लाट जितकी आखूड तितकं लवकर विरतं. खंजिरीच्या झांजेचा, टाळाचा उंच सूर १२ मायक्रॉन ओलांडतानाच संपतो. फार खालचा ठोका म्हणजे लांबलचक लाट, तिची दोन टोकं इतकी दूर की बाहेर क्षेत्रच कमी. सगळ्यात जास्त छाप त्या लाटेचा पडतो जिची लांबी दोन वेढ्यांमधल्या अंतराच्या सुमारे सव्वासहा पट असते. १२ मायक्रॉनला ती ७५ मायक्रॉन, म्हणजे ६३० हर्ट्झच्या आसपास. माणसाचा आवाज नेमका या पट्ट्यात भरलेला असतो. म्हणून सावली कुजबुजीसारखी वाटते, आणि म्हणूनच लोक हात जोडतात.

कोणी सांगेल, आमच्या कॅसेटमध्ये उलटं बोलणारा आवाज आहे. त्याचं कारण वेगळं आणि फारच साधं. पट्टीची अर्धी रुंदी ए साइडची, अर्धी बी साइडची. हेड जरा वरखाली सरकलं की बी साइडचा काठ वाचला जातो, आणि ती बाजू उलट्या दिशेने भरलेली असते. स्क्रू नीट केला की भूत पळतं.

आठवडी बाजारात चुंबकीय गादी आणि चुंबकाने 'भारलेलं' पाणी विकणाऱ्यांनाही हे दाणे दाखवावेसे वाटतात. चुंबकत्व लक्षात ठेवायला असा अडसर असलेले दाणे लागतात. पिण्याच्या पाण्यात ते नसतात, चुंबक बाजूला केला की पाणी होतं तसं.

घरी कॅसेटी असतील तर उन्हाळा टिनाखाली काढू देऊ नका, कपाटाच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा. वाजवण्याआधी एक-दोनदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळा. चिमुकले दाणे जितक्या सहज वळतात तितक्याच सहज हलतातही, पट्टी वाकण्या-ताणण्याने सावली थोडी उतरते. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र टेपमध्ये घालूच नका, हेडला लागून ती दुसऱ्या कॅसेटींवर जाते. मोबाइलमध्ये आवाज उतरवून घ्यायचा असेल तर सुरुवात घरी भरलेल्यांपासून करा, त्यातही ९० मिनिटांच्या कॅसेटी आधी घ्या, कारण त्यांची पट्टी पातळ. रफी-किशोर कुठेही मिळतील.