सीतेच्या आसवांखालचा जांभा

शाळेत जांभा खडक भूगोलाच्या बाई शिकवतात आणि कीटकभक्षी वनस्पती विज्ञानाचे सर. दोन तासांच्या मध्ये मधली सुट्टी होते, डबे उघडतात, आणि पहिल्या तासाचा दुसऱ्याशी काही संबंध होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. भाद्रपदात कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, किंवा साताऱ्याजवळच्या कास पठारावर गुडघे टेकून बसलं, की कळतं: हा एकच धडा आहे.

आधी खडक. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. उष्ण हवा, धो धो पाऊस, मग कोरडे महिने, हा फेरा लाखो वर्षं चालला. पाण्यात विरघळण्याजोगं जे जे होतं ते निघून गेलं: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, आणि सावकाश सिलिकासुद्धा. चहाचा अर्क उतरल्यावर चाळणीत चोथा राहावा, तशी मागे राहिली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. हाच जांभा. जांभ्याचा तांबडा रंग म्हणजे चक्क गंज आहे. चिरेखाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात तो टणक होत जातो. दक्षिण भारताची पाहणी करणारे स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी 1807 साली केरळातल्या अंगाडीपुरमचा असाच खडक पाहून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. कोकणातल्या गवंड्याला हे सांगायला लॅटिन लागलं नसतं.

आता या चोथ्यावर उगवायचं कसं? कातळावर माती असते जेमतेम बोटभर. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे पावसाबरोबर वाहून जातात. फॉस्फेट वाहत नाही, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असं धरून ठेवतात, की मुळांच्या वाट्याला फारसं येत नाही. पाणी भरपूर, ऊन भरपूर, तेव्हा साखर बनवायची चिंता नाही. पण प्रथिनांना नत्र हवा, आणि तो जमिनीत नाही. मग तो चालत्या-पोहत्या जिवांकडून घ्यायचा.

सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं बघायला सगळे वाकतात, फोटो काढतात. शिकार मात्र फुलाखाली, ओल्या मातीत चालू असते. या झाडाला खरी मुळं नसतात. धाग्यांसारख्या खोडांना बारीक फुगे लागलेले असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्या भिंती आत खेचल्या जातात आणि दार घट्ट मिटलेलं राहतं. एखाद्या सूक्ष्म जलचराचा दाराशी धक्का लागला, की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. हे सारं काही मिलिसेकंदांत उरकतं. डोळ्याची पापणी त्यापुढे फारच संथ. पाठ्यपुस्तकांतून मिरवते ती घटपर्णी, मेघालयातली. ही बिचारी आपल्या पायाखाली.

शेजारीच दवबिंदू असतो, पानांवर चिकट थेंब मिरवणारा. युरोपात वाढणाऱ्या त्याच्या गोल पानांच्या भावंडावर डार्विनने जो प्रयोग केला, तो मला फार आवडतो, कारण त्याला प्रयोगशाळा कमी आणि स्वयंपाकघर जास्त लागतं. पानांवर त्याने दूध, अंड्यातला पांढरा भाग, कच्च्या मांसाचा अर्क असे थेंब ठेवून पाहिले. पानावरचे केस वळले. मग साखरेचं पाणी, डिंक, स्टार्च, ऑलिव्हचं तेल, अगदी चहासुद्धा. पान ढिम्म! नत्र असलेलं तेवढं झाडाला बरोबर कळत होतं.

कास 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. कोकणातल्या बहुतेक सड्यांच्या नशिबी मात्र ‘पडीक’ हाच शब्द आला. कातळ सुरुंगाने फोडून, बाहेरून माती आणून तिथे आंब्याची कलमं लावली जातात. माणसाच्या हिशेबाने ही सुधारणा, आणि कलमं लावणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? पण खतमाती मिळाली की उंच गवत आणि झुडपं जोर धरतात. बोटभर उंचीच्या सीतेच्या आसवांना त्या सावलीत ऊन मिळत नाही, आणि कमावलेली शिकारही मग कामाला येत नाही.