मर रोगाला खूण, घाटेअळीला जनुक

'सुपर अण्णिगेरी १' हा हरभऱ्याचा वाण डीएनए तपासून तयार केलाय, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: "म्हणजे बीटीच ना?" नाही. बीटी पिकात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं; या वाणात हरभऱ्याबाहेरचं काहीही नाही.

अण्णिगेरी हे धारवाड जिल्ह्यातलं गाव. 'अण्णिगेरी १' हा कर्नाटकातला जुना, लोकप्रिय हरभरा, पण मर रोगापुढे तो टिकेना. जमिनीतली बुरशी मुळांतून शिरते, पाण्याच्या नळ्या तुंबवते आणि उभं झाड वाळतं. 'डब्ल्यूआर ३१५' नावाचा दुसरा एक हरभरा मात्र मर रोगाला दाद देत नाही. दोघांचा संकर केला की पहिल्या पिढीत वाटा अर्धा-अर्धा. पुढे दर पिढीत संकर अण्णिगेरीशीच करत गेलं की डब्ल्यूआर ३१५ चा वाटा सरासरीनं २५, मग १२.५ टक्के असा उतरतो. अडचण इथेच आहे. नको ते जाताना हवी ती प्रतिकारशक्तीही निसटली तर? पूर्वी हे कळायला बुरशीनं भरलेल्या जमिनीत रोपं वाढवून कोणती मरतात ते बघत बसावं लागे. आता रोपाचं कोवळं पान घेतात आणि प्रतिकाराच्या जनुकाशेजारची डीएनएची ठरावीक खूण, म्हणजे मार्कर, आहे का ते तपासतात. असेल तर रोप ठेवायचं, नसेल तर उपटायचं. सोनोग्राफीनं बाळ घडत नाही, दिसतं, तसंच हे. खूण आणि जनुक क्वचित एकमेकांपासून तुटतातही, म्हणून शेवटची परीक्षा शेतातच होते. 'सुपर अण्णिगेरी १' तयार झाला तो असा.

'पुसा चिकपी १०२१६' याच रीतीनं झाला. 'आयसीसी ४९५८' या हरभऱ्यातला, पाण्याच्या ताणात तग धरायला मदत करणारा डीएनएचा तुकडा 'पुसा ३७२' मध्ये आणला. हे दोन्ही वाण २०१९ मध्ये आले आणि दोन्हींच्या शिफारशीत महाराष्ट्र आहे.

आता घाटेअळी, म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरणारी अळी. तिला पुरून उरेल असा प्रतिकार लागवडीच्या हरभऱ्यात सापडलेला नाही. घरात नसलेल्या वस्तूची खूण कुठे शोधणार? म्हणून जमिनीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, या जिवाणूचं जनुक उसनं आणायचं. ही जनुकीय अभियांत्रिकी, आणि अशी पिकं म्हणजे जीएम पिकं. असा हरभरा प्रयोगशाळांत झालाय, पण भारतात कोणत्याही जीएम कडधान्याला लागवडीची परवानगी नाही. बीटी वांगं २०१० मध्ये सरकारी स्थगितीमुळे अडलं ते अनेकांना आठवत असेल. खुणेवरून निवडलेल्या वाणाला मात्र नेहमीच्या चाचण्या पुरतात. त्यामुळे दोन्हींना एकाच मापानं विरोध करणं किंवा एकाच मापानं डोक्यावर घेणं मला तरी अडाणीपणाचं वाटतं.

घोळ शब्दानंही वाढवलाय. जीएम रोपं करताना जनुक नेमकं कोणत्या पेशींत शिरलं हे ओळखायला सोबत आणखी एक जनुक घालतात, त्यालाही 'मार्कर'च म्हणतात. ते मात्र खरोखर आत घातलेलं असतं.

कडधान्यांत बीटी शेतापर्यंत पोहोचलं ते नायजेरियात: २०१९ मध्ये तिथे शेंगा पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारी चवळी मंजूर झाली. पण तेच जनुक चवळीच्या दुसऱ्या वाणात न्यायचं तर पुन्हा संकरच करावा लागतो, आणि कोणत्या रोपात ते उतरलं हे बघायला पुन्हा कोवळं पानच तोडावं लागतं.